गोलकीपरला धक्का लागला तर गोल कधी धरतात, कधी कापतात? (एनएचएल प्लेऑफ)

संत्रेवाला_वरूड

राम राम मंडळी. प्रश्न बर्फावरच्या हॉकीचा आहे. इथं कोणी जाणकार असन म्हणून टाकून राह्यलो.

माहा पोरगा कॅनडात एडमंटनले नोकरीले आहे. त्याच्यामुळं मले एनएचएलच्या (तिकडच्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगच्या) प्लेऑफचा, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यायचा, नाद लागला. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडं आंबिया बहाराले पाणी द्याचे दिवस, आन् लाईन भेटते रातची. मोटर चालू करून धुऱ्यावर बसलो का पहाटं साडेचार-पाचले तिकडच्या पूर्वेकडच्या शहरातल्या मॅची सुरू होतात. एडमंटनची घरची मॅच असली तं सकाळी सातच्या पुढं. खेळ इतका जोरकस आहे का झोप येतच नाही.

पण एक गोष्ट डोक्यात बसत नाही. समोरच्या टीमचा गडी गोलकीपरच्या अंगावर येते, पक (चेंडूऐवजी असते ती चकती) जाळ्यात जाते. एकदा गोल धरतात, एकदा कापतात. मी तेच ते रिप्ले दहादा पायतो, मले दोन्हीत फरक दिसत नाही.

पोरानं मले २०१७ ची अॅनहाइमसंगची मॅच दाखवली. दुसऱ्या फेरीतली पाचवी. एडमंटन ३-० नं पुढं, साडेतीन मिनिटंही राह्यले नव्हते. तिथून तीन गोल खाल्ले. तिसरा तं १५ सेकंद बाकी असताना. त्या गोलात अॅनहाइमचा रायन केसलर गोलकीपरच्या निळ्या जागेत पडेल आहे आन् त्याचा हात आपल्या एडमंटनच्या गोलकीपरच्या, कॅम टॅलबटच्या, पॅडले गुंडाळेल आहे. टॅलबटले पाय सरकवताच येत नाही. एवढं उघड दिसते, तरी व्हिडिओ पाहून गोल कायम! मंग दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये हारले, आन् मालिका बी सात मॅचीत गेली.

दुसरी २०२४ ची, बोस्टन आन् फ्लोरिडाची चौथी मॅच. फ्लोरिडाच्या सॅम बेनेटनं बोस्टनच्याच चार्ली कॉयलले ढकललं, कॉयल आपल्याच गोलकीपरवर, जेरेमी स्वेमनवर, जाऊन पडला आन् बेनेटनं गोल टाकला. बोस्टननं चॅलेंज केलं, म्हणजे व्हिडिओ पुन्हा पाहा म्हणलं, तरी गोल कायम. मॅच २-२ झाली आन् शेवटी फ्लोरिडानं ३-२ नं नेली.

आन् याच्या उलट, गोलकीपरच्या हाताले जराशी काठी लागली म्हणून गोल कापलेले बी मी पाह्यले.

तं नियम नेमका काय आहे? पंच काय पायते? टोरांटोत बसून व्हिडिओ पाहून कोण ठरवते? पोरगा म्हणते, "बाबा, हे इकडं बी कोणाले समजत नाही." मले हे पटत नाही. नियम लिवेल आहे तं तो सांगता आला पाह्यजे.

---

अकोटफाटा

भाऊ, प्लेऑफ आलं की शिट्टी खिशात जाते, ही तिकडची जुनी तक्रार आहे. लीग सामन्यात ज्याला दोन मिनिटं बाहेर बसवतात, तेच प्लेऑफमध्ये चालवून घेतात. "खेळाडूंनाच निकाल लावू द्या" असं म्हणतात. माझ्या मते हा अन्याय आहे. नियम एप्रिलमध्ये आणि जानेवारीत एकच पाहिजे. तुम्हाला फरक दिसत नाही कारण फरक नियमात नाहीच, तो शिट्टीत आहे.

---

पंच_दर्यापूर

वरूडच्या भाऊंचा प्रश्न मनापासून आवडला, म्हणून सविस्तर लिहितो. मी शाळेत पीटी शिकवतो आणि दिवाळीनंतर तालुक्यातल्या कबड्डी सामन्यांना पंच म्हणून जातो. बर्फावरची हॉकी मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण कोणत्याही खेळाचं नियमपुस्तक मिळालं की मी ते वाचून काढतो, आणि एनएचएलचं पुस्तक इंटरनेटवर सगळ्यांना खुलं आहे. तुम्हाला हवा तो नियम ६९.

गोलची चौकट ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. तिच्यासमोरची निळी जागा, म्हणजे क्रीझ, ८ फूट रुंद. ती गोलकीपरची हक्काची जागा. नियमाचा गाभा असा: चढाई करणाऱ्या खेळाडूने नुसतं तिथं उभं राहून किंवा अंगाला लागून गोलकीपरला क्रीझमध्ये मोकळं हलू दिलं नाही, गोल वाचवू दिला नाही, तर गोल रद्द. मुद्दाम धक्का दिला तर क्रीझच्या आत असो की बाहेर, गोल रद्दच. क्रीझच्या बाहेर नकळत लागलं आणि खेळाडूने टाळायचा वाजवी प्रयत्न केला होता, तर गोल धरतात. सुटा पक पडला आहे, दोघेही त्याच्यावर झेपावले आणि एकमेकांना लागले, तरीही धरतात, मग ते क्रीझच्या आत का असेना. आणि तुमच्या पहिल्या उदाहरणासाठी सगळ्यात महत्त्वाचं: चढाई करणाऱ्याला बचाव करणाऱ्यानेच ढकललं आणि त्यामुळे तो गोलकीपरवर गेला, तर तो संपर्क त्याच्या नावावर लावत नाहीत. मात्र त्यानेही टाळायचा वाजवी प्रयत्न केलेला पाहिजे. हे शेवटचं वाक्य बरेच जण वाचतच नाहीत.

आता केसलर. त्याला एडमंटनच्याच डार्नेल नर्सने ढकललं होतं. म्हणजे खाली पडण्याचा दोष केसलरचा नाही, इथपर्यंत मी पंचांच्या बाजूने आहे. पण पडल्यावर त्याचा हात पॅडवर होता तो होताच. ढकलल्यामुळे माणूस पडतो, हात गुंडाळला जात नाही. टाळायचा प्रयत्न करणारा माणूस हात ओढून घेतो, लोळत बाहेर जायला बघतो. माझं मत स्पष्ट आहे, तो गोल धरायला नको होता.

बेनेटच्या बाबतीत चित्र उलटं आहे. ढकलणारा चढाईचा, पडलेला बचावाचा. तिथं लीगने दिलेलं कारण असं होतं की त्या धक्क्यामुळे आणि नंतरच्या संपर्कामुळे स्वेमनला आपल्या जागेवर खेळण्यात आणि शॉट अडवण्यात अडथळा आला नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात प्रश्न विचारला गेला, "संपर्क कोणी घडवला?" दुसऱ्यात विचारला गेला, "संपर्कामुळे गोलकीपरचं काही अडलं का?" केसलरला दुसरा प्रश्न विचारला असता तर गोल रद्द झाला असता, कारण टॅलबटचा पाय अडकलेला जगाला दिसत होता. बेनेटला पहिला प्रश्न विचारला असता तर गोल टिकणं अवघड होतं, कारण कॉयल स्वतःहून आपल्या गोलकीपरवर पडत नव्हता. नियमात दोन्ही प्रश्न आहेत, पण आधी कोणता विचारायचा ते निकाल देणाऱ्याच्या हातात राहतं. तुम्हाला फरक दिसत नाही तो यासाठी. रिप्ले दहाच काय, शंभर वेळा पाहिला तरी दिसणार नाही. डोळ्याला संपर्क दिसतो, कोणता प्रश्न विचारला ते दिसत नाही.

आमच्या कबड्डीत अगदी असाच एक नियम आहे. चढाईवाल्याला बचावाच्या खेळाडूने मुद्दाम ढकलून मैदानाबाहेर घालवलं तर ढकलणारा बाद, चढाईवाला नाही. वाचायला सोपं. पण मैदानात काय होतं? चढाईवाला रेषेवर तोल सांभाळत असतो, पाठीमागून कोपऱ्याचा खेळाडू येतो, छातीवर हात लागतो आणि दोघेही बाहेर. हात लागला हे मंडपातल्या पोराटोरांनाही दिसतं. पण तो हात पकडीसाठी आला की ढकलायला, आणि पाय हाताच्या आधी उचलला होता की नंतर, हे मला ठरवायचं असतं. मागे एका गावच्या फायनलला शेवटच्या मिनिटात हेच झालं. मी चढाईवाला बाद दिला. दोन्ही कर्णधारांना बोलावून, लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं: हात लागला, मी पाहिला, पण त्याचा उजवा पाय त्याच्या आधीच रेषेबाहेर टेकला होता. हरलेल्या गावाने वाद घातला, रात्री उशिरापर्यंत घातला. पण तो वाद पायाचा होता. मी कोणता प्रश्न विचारला आणि त्याचं काय उत्तर धरलं, ते सगळ्यांना माहीत होतं.

एनएचएलमध्ये मला हेच कमी दिसतं. पंच माइकवर बहुतेक वेळा नुसता निकाल सांगत आले, गोल आहे किंवा नाही. कारण लीग दोन-तीन ओळींत प्रसिद्ध करते, पण स्टेडियममध्ये बसलेल्या अठरा-वीस हजार लोकांना त्या क्षणी ते बहुतेक वेळा मिळालेलं नाही, आणि त्या दोन-तीन ओळीही निकालाची भाषा बोलतात, विचाराची नाही.

टोरांटोबद्दल विचारलंत. प्रशिक्षकाचं चॅलेंज २०१५-१६ च्या हंगामात आलं. सुरुवातीला बर्फावरचे पंचच छोट्या पडद्यावर बघून स्वतःचा निर्णय तपासायचे. गोलकीपरच्या निर्णयांवरून ओरड इतकी वाढली की मार्च २०१८ मध्ये, हंगाम संपत आलेला असताना, अंतिम अधिकार टोरांटोच्या सिच्युएशन रूमकडे दिला, आणि तिथे निवृत्त पंचालाही बसवलं. निकालात एकसारखेपणा यावा हा हेतू. २०१९-२० पासून चॅलेंज फसलं तर दोन मिनिटांची शिक्षा. बोस्टनला त्या दिवशी गोलही बसला आणि एक खेळाडूही बाहेर बसवावा लागला.

अकोटच्या भाऊंशी मी अर्धा सहमत आहे. काठीने ओढणं, अडवणं, यात प्लेऑफमध्ये शिट्टी जड होते हे खरं. पण गोल झाल्यावरच्या या निर्णयात शिट्टीचा संबंध कमी. तिथे टोरांटोतले लोक शांतपणे पडद्यावर बघतात. त्यांना ओरडणाऱ्या गर्दीची भीती नसते, तरी वाद आहेच.

आणि संथ गतीचा रिप्ले. त्यात अर्ध्या सेकंदाचा स्पर्श चार सेकंद टिकतो, बघणाऱ्याला वाटतं टाळायला केवढा वेळ होता. पायाचं टोक रेषेवर होतं का हे बघायला संथ गती चांगली. टाळायचा प्रयत्न केला का हे बघायला खऱ्या वेगातलंच चित्र पाहिजे.

---

लेगगार्ड_यवतमाळ

सर, तुमचं विश्लेषण पटलं, पण मी गोलकीपरच्या बाजूने थोडं बोलते. मी शाळा-कॉलेजात मातीवरची हॉकी खेळले, कायम गोलमध्ये. आता लग्नानंतर पुसदजवळ असते आणि जवळच्या मुलींना सुट्टीत शिकवते.

"अडथळा आला नाही" हे वाक्य जो लिहितो, तो कधी गोलमध्ये उभा राहिलेला नसावा असं मला वाटतं. गोल वाचवणं शॉट सुटल्यावर सुरू होत नाही. पाय कुठे रोवायचा, वजन कोणत्या बाजूला ठेवायचं, जवळचा खांब किती झाकायचा, हे सगळं शॉटच्या आधी झालेलं असतं. त्या क्षणी कोणी कोपराला नुसतं टेकलं तरी नजर चेंडूवरून एकदा अंगाकडे जाते. हात नंतर वेळेवर पोचतोही, पण चुकीच्या जागी पोचतो. रिप्लेमध्ये दिसतं की हात मोकळा होता, मग अडथळा कसला? अडथळा आधीच येऊन गेलेला असतो. तिकडचे निर्णय देणारे "गोलकीपरला पुन्हा सावरायला वेळ मिळाला का" हे बघतात, हे चांगलंच आहे. पण सावरायला किती वेळ लागतो ते त्या जागेवर उभं राहिलेल्या माणसाला विचारा.

म्हणून मला एकच कडक रेषा हवी. क्रीझमध्ये चढाई करणारा आला, पक त्याच्या आधी आलेला नाही, तर गोल नाही. हेतू नको, वाजवी प्रयत्न नको, काही नको. गोलकीपरला तेवढी ८ फुटांची जागा तरी पूर्ण द्या.

आणि पंचांच्या चुकीची किंमत गोलकीपर कशी मोजतो ते आपण बर्मिंगहॅमला पाहिलं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला हॉकीची ऑस्ट्रेलियाविरुद्धची उपांत्य फेरी, १-१ नंतर शूटआउट. आपली गोलकीपर सविता, तिने पहिला प्रयत्न अडवला. मग कळलं की आठ सेकंदांचं घड्याळ सुरूच झालं नव्हतं. पुन्हा घ्यायला लावलं आणि गोल झाला. आपण शूटआउट ३-० ने हरलो. आंतरराष्ट्रीय महासंघाने नंतर माफी मागितली. माफीने तो बचाव परत येत नाही. त्या रात्री मी जेवले नाही.

---

पंच_दर्यापूर

ताई, सविताचा तो बचाव मीही विसरलेलो नाही. तुम्ही शॉटच्या आधीच्या तयारीबद्दल लिहिलंत ते मुलांना वाचून दाखवणार आहे.

पण कडक रेषेला माझा विरोध आहे, कारण ती एनएचएलने वापरून पाहिली आहे. १९९० च्या दशकात नियम जवळपास तुम्ही म्हणता तसाच होता: पकच्या आधी चढाईवाल्याचा स्केट (बर्फावरचा बूट) क्रीझमध्ये गेला की गोल रद्द, मग गोलकीपरला त्याचा काही त्रास झाला असो की नसो. परिणाम असा की कोपऱ्यात कुणाचं तरी बोट रेषेवर आलं म्हणून चांगले गोल मोडायला लागले. आणि मग जून १९९९ ची अंतिम फेरी. डॅलस विरुद्ध बफेलो, सहावी मॅच, बफेलोच्याच मैदानावर, तिसरा ओव्हरटाइम. डॅलसच्या ब्रेट हलने बफेलोचा गोलकीपर डोमिनिक हाशेकसमोर गोल टाकला, तेव्हा त्याचा डावा स्केट क्रीझमध्ये होता. डॅलस २-१ ने जिंकलं, मालिका ४-२, स्टॅनले कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, बफेलोच्या हातून गेलं. लीगने सांगितलं की पक सतत हलच्या ताब्यात होता म्हणून गोल वैध. बफेलोचे लोक आजही "गोल नव्हता" म्हणतात. पुढच्या हंगामात तो नियमच काढून टाकला.

म्हणजे रेषा कडक होती, तरी सगळ्यात मोठ्या क्षणी "ताबा" हा शब्द आडवा आला, आणि ताबा ठरवायला पुन्हा माणूसच लागला.

---

लेगगार्ड_यवतमाळ

सर, १९९९ मध्ये रेषा हरली नाही, रेषा पाळली नाही. सबंध हंगाम ज्या नियमाने गोल मोडले, त्याला शेवटच्या रात्री अपवाद सापडला. तो अपवाद बफेलोच्या प्रेक्षकांना माहीत असता तर गोष्ट वेगळी होती. हे तर तुमच्याच म्हणण्याला धरून आहे: कोणता प्रश्न विचारणार ते आधी सांगा.

---

पंच_दर्यापूर

हे मान्य. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर आहे. तरी मी रेषेऐवजी क्रम मागेन. आधी "गोलकीपरचं काही अडलं का" हे विचारा. अडलं नसेल तर गोल, विषय संपला. अडलं असेल तरच "कोणी घडवलं" इकडे या, आणि बचाववाल्याने ढकललं असेल तर पडलेल्याने बाजूला व्हायचा प्रयत्न केला का ते खऱ्या वेगात बघा. हा क्रम पुस्तकात छापा आणि पंचाला माइकवर तीन वाक्यं बोलू द्या.

---

संत्रेवाला_वरूड

सर, ताई, लय समजलं. पोराले हे सगळं वाचून दाखवलं, तो म्हणते केसलरच्या हाताबद्दल सर बराबर सांगून राह्यले. एक विचारतो: त्या मॅचीत १५ सेकंद राह्यले होते तं एडमंटनच्या कोचनं चॅलेंज केलं का लीगनं सोताच पाह्यलं?

आन् २०१४ ची एक क्लिप पोरानं पाठवली, लॉस एंजेलिस आन् न्यूयॉर्क रेंजर्सची अंतिम फेरी, दुसरी मॅच. लॉस एंजेलिसचा ड्वाइट किंग रेंजर्सच्या गोलकीपरच्या, लुंडक्विस्टच्या, अंगावर आहे आन् पक आत. ४-२ चं ४-३ झालं आन् मंग रेंजर्स दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ५-४ नं हारले. तुमचं काय म्हणणं?

---

पंच_दर्यापूर

शेवटच्या मिनिटात आणि ओव्हरटाइममध्ये प्रशिक्षकाला चॅलेंज करता येत नाही. तिथं तपासायचं की नाही ते लीगच ठरवते.

२०१४ ला चॅलेंजच नव्हतं. पंचाने बर्फावर जे पाहिलं तेच अंतिम. माझ्या क्रमाने गेलो तर: लुंडक्विस्टचं अडलं का? हो, तो क्रीझमध्ये होता आणि किंग त्याच्यावर टेकला होता. कोणी घडवलं? रेंजर्सचा बचावपटू किंगला रेटत होता, पण किंगही स्वतःहून आत शिरत होता. बाजूला व्हायचा प्रयत्न मला दिसत नाही. गोल नाही.

---

लेगगार्ड_यवतमाळ

माझ्या रेषेने दोन सेकंदांत: किंग क्रीझमध्ये, पक नंतर. गोल नाही. सर, या खेपेला आपलं उत्तर एकच आलं. पण भाऊ, क्लिप ज्या बाजूने घेतली आहे तिथून लुंडक्विस्टचा डावा हात दिसत नाही. जाळ्याच्या वरच्या कॅमेऱ्यातली असेल तर ती मागवा पोराकडून. तो हात खाली दाबला गेला होता का तेवढं मला बघायचं आहे.